मामांची गाडी आणि शनिवार रात्रीची सोंगं

आमच्या एका मामांकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे. लग्न झाल्या झाल्या ते मनमाडला चहा प्यायला फलाटावर उतरले, सुट्ट्या पैशांवरून चहावाल्याशी हुज्जत घालत बसले आणि वळून बघतात तो गाडी सुटलेली. पिशवी, कोट आणि नवी कोरी मामी, सगळं डब्यात. ही गोष्ट मी किती लग्नांत नि मुंजींत ऐकली असेल, त्याची मोजदाद नाही. मामा ‘वळून बघतो तो काय’ एवढं म्हणून थांबतात आणि पंगतीतली झाडून सगळी पोरं ‘गाडी गायब!’ असं ओरडतात. मामांना राग येत नाही. ते त्या ओरडण्यासाठीच थांबलेले असतात.

आता यात एक कोडं आहे. दिवाळी अंकातला चुटका दुसऱ्यांदा वाचला की शिळा लागतो. आपण विनोद सांगायला लागलो आणि समोरचा ‘ऐकलाय’ म्हणाला की आपलं तोंड पडतं. मग मामांची गाडी तीस वर्षं सुटते आहे, तरी पंगत हसते कशी?

याच कोड्यावर न्यूयॉर्कमधला एक टीव्ही कार्यक्रम पन्नास वर्षं पोट भरतो आहे. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ त्याचं नाव. शनिवारी रात्री साडेअकराला सुरू होतो, एकला संपतो आणि खरोखर थेट असतो. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ असते, उन्हाळ्यात नऊ आणि हिवाळ्यात दहा वाजलेले. इकडे पोह्यांवर खोबरं पडत असतं, तिकडे कोणीतरी विग सावरत स्टेजवर धावत असतं. त्या धावणाऱ्यांपैकी काही जण पुन्हा पुन्हा येतात. तेच कपडे, तोच आवाज, तेच पालुपद. दार उघडून ते आत आले की तोंड उघडायच्या आधीच टाळ्या.

रिकाम्या जागेत मांडलेला खेळ

हा कार्यक्रम सुरू झाला तो एका अडचणीतून. जॉनी कार्सन हा एनबीसी वाहिनीचा रात्रीच्या गप्पांचा बादशहा. त्याच्या कार्यक्रमाचे जुने भाग वाहिनी शनिवारी-रविवारी दाखवत असे. ते आठवड्याच्या मधल्या दिवशी वापरता यावेत आणि आपल्याला जरा सुट्टी मिळावी, असं कार्सनच्या मनात आलं. शनिवारची रात्र रिकामी झाली. ती भरायला बोलावला तो टोरांटोचा, तिशीतला लॉर्न मायकेल्स. ११ ऑक्टोबर १९७५ ला पहिला प्रयोग झाला. जागा रॉकफेलर प्लाझातल्या तीस क्रमांकाच्या इमारतीतला आठव्या मजल्यावरचा स्टुडिओ. पूर्वी तिथे तोस्कानिनी वाद्यवृंदाच्या मैफली घेत असे.

घाट सोपा आहे. दर आठवड्याला नवा पाहुणा यजमान येतो. नट, गायक, खेळाडू, कधी राजकारणी. तो सुरुवातीला चार शब्द बोलतो, मग कायमच्या नटसंचाबरोबर छोट्या छोट्या प्रहसनांत, तिकडच्या भाषेत ‘स्केच’मध्ये, काम करतो. मध्ये खोट्या बातम्या. दोनदा गाणं. शेवटी सगळे स्टेजवर उभे राहून हात हलवतात. १९८० ते १९८५ ही पाच वर्षं सोडली, तर धुरा मायकेल्सकडेच राहिली आहे.

पात्र का परत येतं? आधी घड्याळ बघा

लोकांना आवडलं म्हणून पात्र परत येतं, हे उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. दुसरं अर्धं कॅलेंडरवर आहे.

*चौकट : सहा दिवसांची कसरत*
*सोमवारी मायकेल्सच्या खोलीत यजमानासमोर सगळे आपापल्या कल्पना सांगतात. त्यातल्या बऱ्याचशा फक्त वेळ निभावून नेण्यापुरत्या असतात. मंगळवारी रात्रभर लेखन, पहाटेपर्यंत. बुधवारी दुपारी सुमारे चाळीस संहितांचं टेबलाभोवती वाचन. त्यातल्या मूठभर निवडल्या जातात आणि त्याच रात्री नेपथ्याची मोजमापं सुरू होतात. गुरुवार-शुक्रवार तालमी, शिलाई, ठोकाठोकी. शनिवारी रात्री आठला वेगळ्या प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम. तीत गरजेपेक्षा जास्त स्केचेस असतात. ती संपल्यावर तासाभरात काटछाट, आणि साडेअकराला खरा प्रयोग.*

ही चौकट एखाद्या नटाच्या जागी बसून वाचा. चाळीसातली आठ-दहा संहिता टिकणार. नटसंचात पंधरा-वीस जण. तुम्ही नवे आहात, दोन आठवडे तुमच्या वाट्याला ‘वेटर क्रमांक दोन’ आला आहे. अशा वेळी तुमचं एखादं पात्र एकदा जोरात चाललं, तर ते तुमच्यासाठी रेशनकार्डासारखं असतं. पुढच्या मंगळवारी रात्री तीन वाजता कोऱ्या कागदाकडे बघत बसावं लागत नाही. वाचनाच्या टेबलावर बसलेल्यांना तो माणूस कोण, कसा बोलतो, हे समजावून सांगावं लागत नाही. विग तयार, कपडे कपाटात, भिंती गोदामात. प्रेक्षकांचंही तसंच. नव्या स्केचमध्ये पहिलं दीड मिनिट ‘हे कोण, कुठे आहेत, काय चाललंय’ यातच जातं. ओळखीचं पात्र ते दीड मिनिट वाचवतं, आणि पाच मिनिटांच्या खेळात दीड मिनिट म्हणजे जहागीर.

म्हणून पुष्कळ नट आपली सोंगं बरोबर घेऊनच येतात. शिकागोची ‘सेकंड सिटी’ आणि लॉस एंजेलिसची ‘ग्राउंडलिंग्ज’ या दोन नाट्यसंस्थांमधून या कार्यक्रमाला पिढ्यान्‌पिढ्या माणसं मिळाली. तिथे उत्स्फूर्त अभिनय करता करता पात्रं घासूनपुसून तयार होतात. माइक मायर्सचा वेन हा तळघरातून स्थानिक टीव्ही कार्यक्रम चालवणारा केसाळ पोरगा. तो न्यूयॉर्कला येण्याआधी कॅनडाच्या टीव्हीवर वावरून आलेला होता.

परत येतो तो साचा, विनोद नव्हे

कोड्याचा गाभा आता उलगडून बघू. त्यासाठी १९७०च्या दशकातली एक म्हातारी घेऊ: एमिली लिटेला. गिल्डा रॅडनर ही भूमिका करायची. स्वेटर घातलेली, चष्मा लावलेली, गोड आवाजाची ही आजी खोट्या बातम्यांच्या टेबलाशी येऊन एखाद्या ज्वलंत प्रश्नावर मत मांडायची. फक्त तिच्या कानांची गडबड होती.

टीव्हीवरच्या ‘व्हायोलन्स’बद्दल, म्हणजे हिंसेबद्दल, देशात ओरड चालली होती. आजीने ऐकलं ‘व्हायोलिन’. मग ती तावातावाने विचारायची, टीव्हीवर व्हायोलिन वाजवलं तर बिघडलं काय? लहान मुलांनी चांगलं संगीत ऐकायचंच नाही का? दुसऱ्या वेळी प्वेर्तो रिकोला अमेरिकेचं ‘स्टेट’ करण्याची चर्चा होती. आजीने ऐकलं ‘स्टेक’, आणि एवढ्या मोठ्या बेटाचा मांसाचा तुकडा करायचा म्हणजे काय, म्हणून ती हैराण. शेवटी वृत्तनिवेदक तिला थांबवून खरा शब्द सांगायचा. ती क्षणभर गप्प व्हायची, म्हणायची ‘मग वेगळं आहे’, कॅमेऱ्याकडे बघून हसायची आणि दोन शब्दांत विषय मिटवायची: ‘नेव्हर माइंड’. आपल्या भाषेत ‘असू द्या, असू द्या’.

यातलं काय परत येतं आणि काय येत नाही? सांगाडा परत येतो: चुकीचं ऐकणं, त्यावर चढत जाणारा संताप, दुरुस्ती, शरणागती. पण कोणता शब्द चुकणार, हे दर वेळी नवं. आपली आईसुद्धा गणपतीला मोदकाचा तोच लाकडी साचा काढते. साचा ओळखीचा असतो म्हणून आपण जेवण सोडून उठत नाही, सारण काय आहे हे बघतो. लिटेला टेबलाशी येऊन बसली की प्रेक्षकांना शेवट पाठ असे. त्यांचं सगळं लक्ष एकाच प्रश्नावर: आज कोणता शब्द? तो सापडला की पहिला हशा. म्हातारी त्या चुकीच्या शब्दावरून किती लांब जाते, त्यावर दुसरा. ‘नेव्हर माइंड’ला तिसरा, आणि हा तिसरा हशा आश्चर्याचा नसतो, वचन पाळल्याचा असतो. तान्ह्या मुलाला पदराआडून ‘भो’ करा, ते पन्नासदा खिदळतं. पदराआड आई आहे हे त्याला माहीत असतं. कधी दिसेल, एवढंच माहीत नसतं.

उत्स्फूर्त अभिनयवाले या सांगाड्याला त्या स्केचचा ‘गेम’ म्हणतात. आपण खेळाचा नियम म्हणू. टिकाऊ पात्राच्या मुळाशी असा एक आणि एकच विचित्र नियम असतो. ‘कोनहेड्स’ नावाचं कुटुंब १९७७ मध्ये आलं. सुळक्यासारखी डोकी, यंत्रासारखं बोलणं, परग्रहावरची माणसं. शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगायचे, आम्ही फ्रान्सचे. आणि शेजारी मान डोलवायचे! नियम हा: डोकं एवढं टोकदार, तरी कोणालाच संशय येत नाही. नियम जितका सोपा, तितकं सारण घालायला सोपं. तमाशातली मावशी घ्या. गवळणीत ती येणार, कृष्ण-पेंद्या वाट अडवणार, ती कमरेवर हात ठेवून भांडणार, हे गावाला ठाऊक असतं. पण पेंद्याच्या तोंडी त्या गावच्या सरपंचाचं नाव येतं आणि मंडप डोक्यावर घेतला जातो.

लिटेलाच्या बाबतीत एक बारीक गंमत झाली. सुरुवातीला निवेदक होता चेव्ही चेस. तो १९७६ मध्ये कार्यक्रम सोडून गेला, जेन कर्टिन खुर्चीवर आली आणि तिने म्हातारीला जरा कडक शब्दांत झापायला सुरुवात केली. मग म्हातारी ‘नेव्हर माइंड’ म्हणायची आणि जाता जाता तिला एक शिवी हासडायची. साचा तोच, कडेला एक नवी कळी. एवढ्याने त्या पात्राचं आयुष्य वाढलं.

पंगतीत नवा जावई हवा

मामांच्या गोष्टीत एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. मामा ती कधीच नुसत्या आम्हाला सांगत नाहीत. पंगतीत कोणीतरी नवा लागतो: नवा जावई, नवी सून, मुलाचा मित्र. मामा त्याच्याकडे बघून बोलतात आणि आम्ही त्याच्या चेहऱ्याकडे बघतो. गोष्ट आम्हाला पाठ असते, पण त्याला नसते.

न्यूयॉर्कच्या कार्यक्रमातला पाहुणा यजमान हा तो जावई. जॉन बेलुशीचा सामुराई १९७५ च्या डिसेंबरात पहिल्यांदा आला. जपानी चित्रपटांतल्या तोशिरो मिफुनेच्या थाटात गुरगुरणारा, एकही खरा जपानी शब्द न बोलणारा तलवारबाज, आणि काम काय, तर हॉटेलच्या काउंटरवर. मग तो सँडविचच्या दुकानात दिसला, मग शिंपी झाला. तलवार तीच, धंदा दर वेळी वेगळा, आणि समोर एक साधा गिऱ्हाईक, ज्याला दुकानदार तलवार उपसतो यात काही वावगं वाटत नाही. तो गिऱ्हाईक बहुतेकदा बक हेन्री हा लेखक-नट असायचा. (आज कोणी अशी खोटी जपानी भाषा बोलायला धजावणार नाही, आणि ते बरंच आहे.)

३० ऑक्टोबर १९७६ च्या प्रयोगात सामुराई शेअर दलाल झाला होता. तलवार फिरवताना बेलुशीचा अंदाज चुकला आणि हेन्रीच्या कपाळावर खरी जखम झाली. थेट प्रक्षेपण, थांबणार कसं? हेन्री कपाळाला पट्टी लावून पुढच्या प्रवेशात आला. थोड्या वेळाने बघावं तर इतर नटांच्याही कपाळावर पट्ट्या. कार्यक्रम संपेपर्यंत पट्टी हाच त्या रात्रीचा विनोद झाला. परत परत येणारं पात्र कसं जन्मतं, याचा हा छोटा नमुना आहे: एकदा अपघाताने घडलं, दुसऱ्यांदा मुद्दाम केलं, तिसऱ्यांदा प्रेक्षक वाट बघायला लागले.

नव्या जावयाचं महत्त्व ८ मे १९९३ च्या रात्री सगळ्यांत स्पष्ट दिसतं. मॅट फोली हा ‘प्रेरणादायी वक्ता’ त्या रात्री पहिल्यांदा आला. संहिता बॉब ओडेनकर्कची. पुढे ‘बेटर कॉल सॉल’मधला वकील म्हणून आपण ज्याला ओळखतो, तोच. आईबापांनी वाया चाललेल्या पोरांना सुधारायला वक्ता बोलावला आहे. ख्रिस फार्ली आत येतो. अंगाला आखूड कोट, पँट दर दोन वाक्यांनी वर ओढतो, आवाज बसलेला. सांगतो काय, तर मी पस्तिशीचा आहे, माझा घटस्फोट झाला आहे आणि मी नदीकाठच्या व्हॅनमध्ये राहतो. मुलांना यश शिकवायला आलेला माणूस स्वतः रस्त्यावर: नियम एका वाक्यात कळला. फार्ली गुडघे वाकवून कंबर हलवतो, चष्मा खालीवर करतो, आणि मुलांच्या भूमिकेतले दोघे, त्या रात्रीची यजमान ख्रिस्टिना ॲपलगेट आणि डेव्हिड स्पेड, तोंड लपवायला लागतात. शेवटी तो अख्ख्या अंगानिशी समोरच्या टीपॉयवर कोसळतो आणि टीपॉयचा चुरा.

फोली पुन्हा अनेकदा आला. मला मात्र ती पहिली रात्रच खरी वाटते. पुढे लोक आज हा काय मोडतो, एवढंच बघायला लागले.

बातम्यांच्या टेबलाशेजारची खुर्ची

काही पात्रांना घर लागत नाही, खुर्ची पुरते. ‘वीकेंड अपडेट’ हा खोट्या बातम्यांचा भाग पहिल्या प्रयोगापासून आहे. निवेदकाच्या शेजारी चाकांची खुर्ची सरकवली, की पात्राची सोय झाली. नेपथ्याचा खर्च नाही, कथानक नको, आणि समोर सरळ चेहऱ्याचा माणूस आयता. जे सोंग पाच मिनिटांच्या नाटुकल्यात धडपडतं, ते इथे कधी कधी अचानक बहरतं.

स्टेफनचं तसंच झालं. बिल हेडरचं हे पात्र २००८ मध्ये एका साध्या स्केचमध्ये येऊन गेलं. कोणाच्या फारसं लक्षात राहिलं नाही. २०१० मध्ये त्याला बातम्यांच्या टेबलाशी बसवलं. निवेदक सेथ मायर्स साळसूदपणे विचारतो, न्यूयॉर्क बघायला येणाऱ्या सज्जन कुटुंबाने कुठे जावं? स्टेफन उत्साहाने एका भयंकर क्लबचं नाव सांगतो आणि तिथे काय काय आहे याची यादी देतो. यादीतली प्रत्येक गोष्ट आधीच्यापेक्षा अशक्य. एवढाच नियम.

इथे एक तांत्रिक गोष्ट कळली की गंमत दुप्पट होते. या कार्यक्रमात नट संवाद पाठ करून बोलत नाहीत; करता येणारच नाहीत, कारण ते शेवटच्या घटकेपर्यंत बदलत असतात. कॅमेऱ्याशेजारी माणसं हाताने लिहिलेले मोठाले पुठ्ठे धरून उभी असतात, नट ते वाचतो. म्हणून या नटांची नजर समोरच्या माणसाच्या कानापलीकडे कुठेतरी असते. स्टेफनचा सहलेखक जॉन मुलेनी या पुठ्ठ्यांचा फायदा घ्यायचा. रंगीत तालीम झाल्यावर तो यादीतल्या काही ओळी बदलायचा, हेडरला न सांगता. हेडरच्या समोर ती ओळ पहिल्यांदा येई ती थेट प्रक्षेपणात. वाचता वाचता त्याला हसू अनावर व्हायचं आणि तो दोन्ही हातांनी तोंड झाकायचा. पुढे ते तोंड झाकणं हीच स्टेफनची ओळख झाली. म्हणजे नवा जावई हवा, पण इथे जावई खुद्द नटच झाला.

हसू फुटतं तेव्हा

नाटकात नटाला हसू फुटणं ही चूक. इथेही जुन्या शिस्तीत ती चूकच धरली जाते. पण १ मे २००४ ला एका स्केचमध्ये पुरी फळी कोसळली. रॅचेल ड्रॅच डेबी डाउनर झाली होती. कुटुंब डिस्ने वर्ल्डमध्ये नाश्त्याला बसलं आहे, सगळे खुशीत, आणि डेबी प्रत्येक आनंदाच्या वाक्यानंतर मांजरांना होणाऱ्या जीवघेण्या रोगासारखं काहीतरी काढते. लगेच ट्रॉम्बोनचा रडका सूर आणि कॅमेरा तिच्या उतरलेल्या चेहऱ्यावर जवळ.

ड्रॅचची पंचाईत अशी की प्रत्येक सुरागणिक कॅमेरा तिच्यावर, आणि तिला हसू आवरेना. ती हसली, मग लिंडसे लोहान हसली, जिमी फॅलन तर आधीच गेला होता. होरेशिओ सान्झने डोळ्यांतलं पाणी टिपायला समोरच्या ताटातलं वॉफल उचललं. डेबी त्यानंतर कितीतरी वेळा आली, पण लोक आठवतात ते वॉफल. हसू मुद्दाम फोडता येत नाही, आणि फोडायला गेलं तर प्रेक्षकाला पहिल्या सेकंदात कळतं.

वर्तमानपत्रातून येणारी पात्रं

अशी एक जात आहे जिचं लेखन कार्यक्रमाला फुकट मिळतं: राष्ट्राध्यक्ष आणि उमेदवार. याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात सांगतो. चेव्ही चेसने जेराल्ड फोर्डची नक्कल करताना ना विग लावला, ना आवाज काढला. तो फक्त धडपडायचा, पडायचा. विमानाच्या जिन्यावरून घसरलेले फोर्ड लोकांनी पाहिले होते, तेवढं पुरलं. २००८ मध्ये टीना फेने उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिन यांची नक्कल केली. आपल्या घरातून रशिया दिसतो, हे वाक्य त्या स्केचमधलं. खुद्द पेलिन तसं म्हणाल्या नव्हत्या, पण ते त्यांच्याच तोंडचं आहे अशी कित्येकांची समजूत झाली. सोंगाने खऱ्या माणसाला असं झाकून टाकणं मला जरा धोक्याचं वाटतं, हसू आलं तरी.

साचा झिजतो

एडी मर्फी या कार्यक्रमात १९८० साली आला तेव्हा विशीलाही पोचला नव्हता. जुन्या बालपटांमधल्या बकव्हीट या पात्राची त्याने टवाळी केली: शब्द चिवडून गाणी म्हणणारा बकव्हीट. लोक रस्त्यात अडवून ‘बकव्हीट कर’ म्हणायला लागले. मर्फी कंटाळला. १९८३ मध्ये त्याने बकव्हीटला मारून टाकायचं ठरवलं. इमारतीबाहेर गोळ्या झाडल्या जातात, आणि मग टीव्हीवर ते दृश्य पुन्हा, पुन्हा, पुन्हा. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावरच्या हल्ल्यानंतर वाहिन्यांनी जे केलं, त्याची ती नेमकी चेष्टा होती. पात्र संपवायलाही पुनरावृत्तीच कामी आली.

बाकीच्यांना बहुधा हॉलिवूड मारतं. ‘वेन्स वर्ल्ड’ १९९२ मध्ये पडद्यावर आला आणि जगभरात १८ कोटी डॉलरच्या वर कमावून गेला. झालं, रांग लागली. १९९४ चा ‘इट्स पॅट’ जेमतेम ६० हजार डॉलरवर आटोपला. कोटी नव्हे, हजार. पॅट पुरुष आहे की बाई हे कोणालाच कळत नाही, हा त्या पात्राचा एकमेव नियम. पाच मिनिटांतसुद्धा तो मला फार बरा कधी वाटला नाही, आणि दीड तासाला तर त्यात काहीच नव्हतं. कारण सरळ आहे. स्केचमधलं पात्र बदलता कामा नये. बदललं तर साचा मोडतो. चित्रपटाच्या नायकाला मात्र शेवटी थोडं तरी बदलावं लागतं. वेनकडे मित्र होता, प्रेयसी होती, गमावण्यासारखा कार्यक्रम होता. पॅटकडे फक्त प्रश्न होता. ‘ब्लूज ब्रदर्स’ही चालला (१९८०), पण बेलुशी आणि डॅन ॲक्रॉइड यांनी तो बँड खरोखर उभा केला होता, आणि त्याचं मूळ बघायला गेलं तर १९७६ मधल्या एका गाण्यात दोघं मधमाशीचा पोशाख घालून ब्लूज सादर करत होते!

उलट कार्यक्रमातलं सगळ्यांत गाजलेलं म्हणावं असं एक स्केच परत आलंच नाही. ८ एप्रिल २०००. ब्लू ऑयस्टर कल्ट या बँडचं गाणं ध्वनिमुद्रित होतं आहे. विल फेरेल तोकडा शर्ट घालून काऊबेल, म्हणजे गुरांच्या गळ्यातल्या घंटेसारखं वाद्य, असा काही बडवतो की बाकीच्यांना वाजवता येईना. निर्माता झालेला ख्रिस्तोफर वॉकेन गंभीरपणे म्हणतो, काऊबेल अजून पाहिजे. पंचवीस वर्षं लोक हे वाक्य वापरताहेत. त्याचा दुसरा भाग कसा असता? दुसरं वाद्य, तेच वाक्य. कोणालाही एका मिनिटात सुचेल असा. म्हणूनच तो नसणं बरं.

जायचं कसं

नट कार्यक्रम सोडतो तेव्हा पात्राचं काय करायचं, यातही आता एक रीत पडली आहे. मे महिन्यातल्या हंगामाच्या शेवटच्या प्रयोगात साचा मुद्दाम मोडायचा. १८ मे २०१३ ला स्टेफन रुसून टेबलावरून उठून गेला. सेथ मायर्स इतकी वर्षं खुर्चीत बसून कपाळाला आठ्या घालत होता. तो पहिल्यांदाच उठला, त्याच्यामागे धावला, चर्चमध्ये पोचला आणि त्याचं लग्न मोडून त्याला घेऊन आला. सारण नव्हे, मोदकच उलटा.

केट मकिननची मिस रॅफर्टीही अशीच. २०१५ च्या डिसेंबरात पहिल्यांदा तीन खुर्च्यांवर तीन माणसं बसली होती. परग्रहवासीयांनी तिघांना उचलून नेलं होतं. दोघांना दिव्य प्रकाश, प्रेम, विश्वाचं दर्शन. तिसऱ्या खुर्चीतल्या रॅफर्टीला मात्र गलिच्छ, रटाळ, सरकारी कचेरीसारखी वागणूक, आणि ती ते सिगरेट ओढत, पाय फाकून, कसलीही लाज न बाळगता सांगते. शेजारी बसलेल्या रायन गॉस्लिंगला हसू दाबता आलं नाही. पुढे दर वेळी तीच तीन खुर्च्यांची रांग. मे २०२२ मध्ये मकिननने निरोप घेतला तेव्हा रॅफर्टी आपण होऊन यानात जाऊन बसली. इतकी वर्षं ज्यांच्याबद्दल कुरकुर केली, त्यांच्याबरोबरच कायमची निघाली.

कायमची म्हणजे पावणेतीन वर्षं. इथे मेलेलेही परत येतात. डिसेंबर २०१९ मध्ये एडी मर्फी यजमान म्हणून परत आला तेव्हा १९८३ ला मेलेला बकव्हीटही त्याच्याबरोबर आला होता. कोणी काही विचारलं नाही. आणि १६ फेब्रुवारी २०२५ ला, पन्नास वर्षांच्या सोहळ्यात, पुन्हा त्याच खुर्च्या मांडल्या गेल्या. रॅफर्टी होती. तीच सिगरेट, तोच आवाज. या वेळी तिची आईही आली होती, तशीच पाय फाकून बसलेली. आईच्या भूमिकेत मेरिल स्ट्रीप.